रुळांच्या दोन बाजू

पुणे–लोणावळा लोहमार्गावर एखादी व्यक्ती गाडीखाली सापडते, तेव्हा त्या एकाच घटनेची नोंद तीन ठिकाणी होते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात ती उशिराच्या मिनिटांत मांडली जाते, लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यात ती आकस्मिक मृत्यूच्या नोंदवहीत जाते, आणि पिंपरी-चिंचवड, तळेगाव व चाकणच्या कारखान्यांत ती वेळेवर न पोचलेल्या कामगारांच्या हजेरीवर लेट मार्क म्हणून उमटते. या तीन नोंदी शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. त्यामुळे मृत्यूचा दोष रूळ ओलांडणाऱ्याच्या बेपर्वाईवर, उशिराचा दोष मृत्यूवर आणि लेट मार्कचा दोष कामगारावर टाकून प्रत्येक खाते आपापल्यापुरते मोकळे होते. प्रत्यक्षात माणूस रुळांवर का येतो आणि त्याच्या मृत्यूनंतर सगळी वाहतूक का कोलमडते, या दोन प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. या मार्गाच्या दोन्ही अंगांना एक औद्योगिक महानगर उभे राहिले, मार्ग मात्र एक जाणारा आणि एक येणारा एवढाच राहिला, आणि त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पायी जाण्याची सोय वस्तीच्या वाढीबरोबर वाढली नाही.

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरघाटाचा अवघड टप्पा २१ एप्रिल १८६३ रोजी खुला होईपर्यंत मुंबईहून येणाऱ्या प्रवाशाला मधला घाट गाडीविना, पालखीतून किंवा पायी, चढावा लागे. घाटाच्या त्या बांधकामात पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी हजारो मजूर दगावले; म्हणजे या मार्गावरच्या मृत्यूंचा इतिहास घाटातून पहिली गाडी धावण्याच्याही आधी सुरू होतो, आणि ते मृत्यूही हातावर पोट असलेल्यांचेच होते. मार्ग आखला गेला तेव्हा दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही शेतांमधली गावे होती. बैलगाडीला ओलांडता येईल असे एखादे फाटक गावागणिक असले की गावाचे काम भागत असे, आणि दिवसभरात धावणाऱ्या गाड्या इतक्या मोजक्या होत्या की रुळांवरून शेतात जाणे हा धोका वाटण्याचे कारणच नव्हते.

ही परिस्थिती स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पालटली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली आणि आज ती पिंपरी कॅम्प या नावाने शहराची मोठी बाजारपेठ झाली आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादित केल्या, त्यांच्या मागोमाग मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे मोठे आणि लहान कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाखांहून अधिक लोकसंख्या, असा हा प्रवास आहे. या वाढीत एक गोष्ट सहजासहजी नजरेत भरत नाही. जुना मुंबई–पुणे महामार्ग आणि त्याला जवळपास समांतर जाणारा लोहमार्ग यांच्या पूर्वेला भोसरी-नेहरूनगरची औद्योगिक वसाहत वाढली, तर पिंपरी कॅम्प, पिंपरीगाव, काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, चिंचवडगाव या दाट निवासी वस्त्या पश्चिमेला वाढल्या. याचा साधा अर्थ असा की हजारो कामगारांचे घर एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला राहिले, आणि मध्ये लोहमार्ग राहिला. वाहनांसाठी उड्डाणपूल झाले, भुयारी मार्ग झाले, काही ठिकाणी पादचारी पूलही झाले. परंतु वाहनासाठी एक किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन मिनिटे असतात, तर पहाटे पहिल्या पाळीला पायी निघालेल्या माणसासाठी तोच वळसा पाऊण तासाच्या वाटेत पंधरा मिनिटांची भर घालतो.

अशा ठिकाणी पायवाट आपोआप तयार होते. संरक्षक भिंतीचे चार दगड निखळलेले असतात, त्या भगदाडापासून खडीपर्यंतची माती रोजच्या पावलांनी गुळगुळीत झालेली असते, आणि पलीकडे उतरताना धरायला कोणीतरी रुळाचा जुना तुकडा किंवा सिमेंटचा खांब रोवलेला असतो. रेल्वे ती फट बुजवते, काही आठवड्यांत ती पुन्हा उघडते, किंवा शेजारीच दुसरी पडते. प्रशासन याला अतिक्रमण म्हणते, आणि रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना लोहमार्गावर येणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे. कायदा म्हणून तो आवश्यक आहे याबद्दल वाद नाही. पण एखादी वाट वर्षानुवर्षे शेकडो माणसे दररोज वापरतात, तेव्हा ती शहराच्या आराखड्यातली उणीव दाखवत असते, आणि दंडाची पावती फाडून ती उणीव भरून निघत नाही.

रूळ ओलांडणारा माणूस गाडी दिसत असतानाही का थांबत नाही, याचे उत्तर बेपर्वाई या एका शब्दात देणे सोयीचे असले तरी ते अपुरे आहे. हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये असे मांडले की मोठ्या आकाराची वस्तू आपल्याकडे सरळ येत असेल, तर मानवी डोळ्याला तिचा वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो. बारा डब्यांची लोकल दूर आहे आणि सावकाश येते आहे, असा भास पाहणाऱ्याला खरोखरच होतो. या विचाराचा उपयोग करून २०१० च्या सुमारास मध्य रेल्वेने फायनल माइल या संस्थेच्या साहाय्याने मुंबईतील वडाळा येथे एक प्रयोग केला. रुळांखालच्या काही आडव्या स्लीपरना, म्हणजे ज्यांवर रूळ बसवलेले असतात त्या तुळयांना, ठरावीक अंतराने पिवळा रंग दिला, जेणेकरून गाडी किती झपाट्याने त्या पट्ट्या गिळत येते हे डोळ्याला कळावे. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायला चालकांना सांगितले, कारण सलग आवाजाला सरावलेला कान मधल्या शांततेने सावध होतो. आणि गाडीखाली येत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील भीती दाखवणारी छायाचित्रे ओलांडण्याच्या जागीच लावली. तिथले मृत्यू लक्षणीय घटले. उपाय स्वस्त होता, आणि त्याने सिद्ध केलेली मुख्य गोष्ट अशी की या मृत्यूंच्या जागा आधीपासून माहीत असतात आणि त्या जागांवर काम करता येते.

अपघात घडल्यावर काय होते, हे प्रवाशाला सहसा दिसत नाही. रुळांवर माणूस दिसताच लोको पायलट, म्हणजे गाडीचा चालक, शिट्टी देऊन आपत्कालीन ब्रेक लावतो, परंतु वेगात असलेली लोकल थांबायला काहीशे मीटर लागतात आणि लांब पल्ल्याच्या जड गाडीला त्याहून बरेच अधिक. त्यामुळे ब्रेक लावताना परिणाम काय होणार हे चालकाला बहुतेक वेळा कळून चुकलेले असते. वॉकीटॉकीवरून मागच्या डब्यातील ट्रेन मॅनेजरला, ज्याला प्रवासी अजूनही गार्डच म्हणतात, आणि जवळच्या स्टेशन मास्तरला किलोमीटरचा आकडा सांगितला जातो, कारण रुळांशेजारच्या दगडांवरचा आणि विजेच्या खांबांवरचा क्रमांक हाच तिथला पत्ता असतो. स्टेशन मास्तर एका छापील कागदावर वेळ, जागा, गाडीचा क्रमांक आणि ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ एवढे लिहून तो लोहमार्ग पोलिसांना पाठवतो. रेल्वेच्या बोलीत त्या कागदाला मेमो म्हणतात. व्यक्ती जिवंत असेल तर तिला उपचार मिळतील अशा ठिकाणी हलवायचे असते, मृत असेल तर मार्गापासून बाजूला घेऊन कर्मचाऱ्याच्या राखणीत ठेवता येते. नंतर पंचनामा होतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार आकस्मिक मृत्यूची चौकशी सुरू होते, आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतील मृतदेह बहुधा यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, लोकांच्या तोंडी ज्याचे नाव वायसीएम आहे तिथे, शवविच्छेदनासाठी जातो. खिशात ओळखपत्र किंवा चालू मोबाइल सापडला नाही तर ओळख पटेपर्यंत त्याला नाव नसते. परप्रांतातून चाकणला कंत्राटी कामावर आलेल्या आणि खोली बदलत राहणाऱ्या तरुणाच्या बाबतीत ही ओळख पटवणे किती अवघड जात असेल, याची कल्पना करता येते. चालकाला सावरायला त्या जागी कोणी नसते. बहुतेक वेळा तोच पुढे गाडी नेतो.

आता मृत्यूनंतरच्या खोळंब्याकडे वळता येईल. पुणे ते लोणावळा हे अंतर सुमारे ६४ किलोमीटरचे असून १९७८ पासून त्यावर लोकल धावते. मुंबईत धीम्या आणि जलद लोकलांना वेगळ्या मार्गिका आहेत; इथे लोकल, मुंबईकडे जाणाऱ्या एक्स्प्रेस, दक्षिणेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या, चिंचवडच्या मालधक्क्यावरून मोटारगाड्या भरून निघणाऱ्या गाड्यांसह, सगळ्यांना जायला एक आणि यायला एक मार्गिका आहे. पारंपरिक ब्लॉक पद्धतीत दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात, आणि स्वयंचलित सिग्नल असतील तिथे गाड्या अधिक जवळून धावू शकतात. पण पुढची गाडीच उभी असेल तर दोन्ही पद्धतींत मागच्या सगळ्या गाड्यांना उभे राहावेच लागते, कारण तिला वळसा घालून जायला जागा नसते. कासारवाडीजवळ वीस मिनिटे अडकलेली लोकल मागच्या एक्स्प्रेसला थांबवते. ती एक्स्प्रेस घाटात ठरलेल्या वेळी पोचत नाही. बोरघाट चढून येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागत असल्यामुळे घाटाचे वेळापत्रक आधीच ताणलेले असते. शिवाय लोणावळ्याला पोचलेला रेक, म्हणजे डब्यांचा संपूर्ण संच, तोच फिरून पुण्याची पुढची लोकल होतो, त्यामुळे सकाळी एका दिशेला झालेला उशीर दुपारी दुसऱ्या दिशेला भोगावा लागतो. देखभालीच्या ब्लॉकसाठी, म्हणजे कामापुरता मार्ग बंद ठेवण्यासाठी, दुपारी लोकलची सेवा अगोदरच विरळ असते, म्हणून सकाळची गाडी हुकली तर पुढची लगेच मिळत नाही. मृत्यू मार्गावरच्या एका बिंदूवर होतो आणि उशीर सबंध मार्गावर पसरतो, याचे कारण मार्गाच्या या रचनेत आहे.

हा उशीर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. आयटीतला नोकरदार घरून लॉग-इन करू शकतो. २०२२ मध्ये सुरू झालेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचलेली पिंपरी–स्वारगेट मेट्रो शहरातल्या प्रवाशाला पर्याय देते, आणि तिचा मार्ग उन्नत किंवा भुयारी असल्याने रूळ ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. परंतु मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव इथून येणाऱ्या मावळातल्या कामगाराला मेट्रोचा उपयोग नाही. चाकणला तर रेल्वे स्थानकच नाही. देशातल्या मोठ्या वाहन उद्योग केंद्रांपैकी एक असलेल्या या पट्ट्यात लोकलने येणारा कामगार तळेगावला उतरतो, तिथून तळेगाव–चाकण रस्त्याने कंपनीची बस, पीएमपीची बस किंवा सहाआसनी पकडतो, आणि त्या रस्त्यावरची कोंडी पार करून गेटवर पोचतो. लोकल पंधरा मिनिटे उशिरा आली की कंपनीची बस निघून गेलेली असते आणि पंधरा मिनिटांचा उशीर गेटवर पोचेपर्यंत तासाचा होतो. कायम कामगाराला लेट मार्क बसतो. कंत्राटी कामगाराचा अर्धा दिवस जाऊ शकतो, किंवा बदली माणूस उभा असेल तर पूर्ण. म्हणूनच उशिराने सुटलेला जमाव पूल चढण्याऐवजी रुळांवरून धावत सुटतो, आणि एका मृत्यूने लादलेली घाई दुसऱ्याला त्याच जागी आणून उभी करते.

हे तर्काने मांडलेले भाकीत नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत भायखळा ते सँडहर्स्ट रोडदरम्यान रूळ ओलांडताना मध्य रेल्वेच्याच एका मोटरमनचा, म्हणजे लोकलच्या चालकाचा, गाडीखाली मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी सहकारी त्याच्या अंत्यविधीला गेले, जादा काम करायला मोटरमन उरले नाहीत, आणि ८० हून अधिक लोकल फेऱ्या रद्द होऊन स्थानके रात्रीपर्यंत तुंबली. रुळांची आणि गाड्यांच्या वेगाची ज्याला सर्वांत जास्त जाण, तोही रूळ ओलांडताना दगावू शकतो, हे त्या घटनेने दाखवले. शिवाय रोजच्या फेऱ्या जादा कामावर किती विसंबून असतात, हेही उघड झाले. दुसरी घटना याच्या उलट क्रमाची आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, त्या प्रकरणी अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला, आणि त्याच्या निषेधार्थ ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ऐन सायंकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले. लोकल खोळंबल्या, प्रवासी गाड्यांतून उतरून रुळांवरून चालू लागले, आणि सँडहर्स्ट रोडजवळ त्यांतील काहींना दुसऱ्या लोकलची धडक बसून दोघांचा जीव गेला. मृत्यूतून खोळंबा आणि खोळंब्यातून मृत्यू हे चक्र दोन वर्षांच्या आत, जवळजवळ त्याच जागी पूर्ण झाले.

मग या मृत्यूंची गणना कशी होते? रेल्वे ज्यांना परिणामकारक अपघात म्हणते, म्हणजे टक्कर, गाडी घसरणे, आग यांसारखे गंभीर परिणाम करणारे अपघात, त्यांची संख्या २०२२–२३ मध्ये देशभरात ४८ होती, आणि ती पूर्वीपेक्षा पुष्कळ घटली, ही मोठी उपलब्धी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने मात्र २०२२ या वर्षात रेल्वेशी संबंधित २०,७९२ मृत्यू नोंदवले, आणि त्यांत गाडीतून पडून किंवा रुळांवर गाडीची धडक बसून झालेल्या मृत्यूंचा वाटा सर्वांत मोठा होता. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत. रूळ ओलांडताना गेलेला माणूस पहिल्या व्याख्येत बसतच नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात या मृत्यूंचा आकडा वर्षाला सुमारे १५ हजार आणि त्यांपैकी मुंबई उपनगरी क्षेत्रात सुमारे ६ हजार असा दिला होता, आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाला तो मान्य होऊ नये, असे कठोर शब्दांत बजावले होते. मुंबईतला आकडा त्यानंतर घटला आहे. भिंती, सरकते जिने आणि पादचारी पूल यांचा त्यात निश्चित वाटा आहे. जिथे पैसा आणि लक्ष दोन्ही गेले तिथे माणसे वाचली, हे मान्य करायला हवे, आणि पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला मुंबईच्या मानाने या दोहोंपैकी फार थोडे आले, हेही.

भरपाईच्या कायद्यातही हीच दरी आहे. गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाच्या वारसांना रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ नुसार भरपाई मिळते, तिची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे, आणि केवळ मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. रूळ ओलांडताना गेलेल्याच्या कुटुंबाला मात्र या कलमाचा आधार नाही. उलट, काही देशांत खोळंब्याची किंमतच मृताच्या घरच्यांकडे मागितली जाते. जपानमध्ये २००७ साली स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ रुळांवर जाऊन मरण पावले, तेव्हा रेल्वे कंपनीने झालेल्या उशिराची सुमारे ७२ लाख येन भरपाई त्यांच्या कुटुंबाकडून मागितली. खालच्या न्यायालयांनी ती पूर्णतः वा अंशतः मान्यही केली, आणि मार्च २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अखेर कुटुंबाला त्या बोज्यातून मुक्त केले. महाराष्ट्रात अशी वसुली होत नाही. मात्र लोकल उशिरा आल्यावर फलाटावर ‘कोणीतरी मध्येच आला’ अशा चिडक्या बोलण्यातून मृतावर जो ठपका ठेवला जातो, त्यामागचा हिशेब फार वेगळा नाही.

या मृत्यूंतील काही आत्महत्या असतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अशा व्यक्तीला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानतो, आणि टेली-मानस ही मोफत शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेल आणि समॅरिटन्स ही संस्था २०१० पासून एकत्र काम करत असून स्थानकावर एकट्याच रेंगाळणाऱ्या, अस्वस्थ दिसणाऱ्या माणसाशी साधे दोन शब्द बोलण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिले जाते. तिकीट तपासनीस, सुरक्षा दलाचे जवान आणि फलाटावरचे चहावाले यांना असे प्रशिक्षण आकुर्डी किंवा देहूरोडला देण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

पुणे–लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी जुनी आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला मान्यता दिली. लोकलला स्वतःची वाट मिळाली तर एका घटनेने सबंध मार्ग ठप्प होण्याचे प्रमाण नक्कीच घटेल, म्हणून या प्रकल्पाचे स्वागतच करायला हवे. पण ओलांडणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोनाऐवजी चार मार्गिका म्हणजे दुप्पट रुंदीची खडी, दुप्पट गाड्या, आणि एक गाडी डोळ्यांसमोरून जात असताना तिच्या आड लपलेली दुसरी, जिच्यामुळे रूळ ओलांडणे सर्वांत घातक ठरते. रुळांवरचा पूल रेल्वेने आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेने बांधायचे, या प्रचलित विभागणीत फाइल अनेकदा या दोघांमध्ये अडकते. तशी ती या वेळी अडकली, तर मार्गिका आधी टाकल्या जातील आणि पूल नंतर येतील, आणि मधल्या वर्षांत दापोडी ते चिंचवडच्या पायवाटा तशाच वापरात राहतील. लोहमार्ग पोलिसांच्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदींत प्रत्येक घटनेचा किलोमीटर लिहिलेला असतो. ते आकडे नकाशावर मांडून, जिथे ते दाटीने पडतात तिथे पादचारी पूल किंवा भुयारी वाट मार्गिकांच्या आराखड्यातच धरणे, आणि तिचे बांधकाम रूळ टाकण्याआधी पुरे करणे, हे आराखडे कागदावर असताना सहज करता येते. रूळ पडल्यावर त्याच कामासाठी पुन्हा ब्लॉक घ्यावे लागतील आणि पुन्हा गाड्या थांबवाव्या लागतील.